तत्त्व मोठं की व्यवहार? (सातारा, सांगली आणि अमेरिका)

सुरुवातीलाच एक कबुली देते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मुलगी. मराठीत एवढं मोठं काही पहिल्यांदाच लिहितेय. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका वाचकांनी पदरात घ्याव्यात, आणि चुका दिसल्या नाहीत तर श्रेय मराठी विभागाच्या संपादकांना द्यावं!

माझं घर साताऱ्यात, कॉलेज सांगलीत. शाळेत असताना मला जॉर्ज वॉशिंग्टन आणि चेरीच्या झाडाची गोष्ट तोंडपाठ होती. पण राजवाड्याजवळच्या ज्या शाळेवरून आमची रिक्षा रोज जायची, तिच्या पाटीवरचे 'छत्रपती प्रतापसिंह महाराज' कोण, हे विचारावंसं कधी वाटलं नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव ज्या शाळेच्या पटावर चढलं, ती हीच शाळा. ते माहीत होतं. महाराजांचं मात्र काहीच नाही.

गेल्या वर्षी इंग्रजी वादविवाद स्पर्धेत विषय होता, 'परराष्ट्र धोरणात आदर्शवाद की वास्तववाद?' मी वास्तववादाच्या बाजूने बोलले. उदाहरणं सगळी अमेरिकेची. दुसरा नंबर आला. दिवाळीत घरी गेल्यावर मोठ्या ऐटीत ते भाषण आजोबांना वाचून दाखवलं. आजोबा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "झकास. पण पोरी, तुझ्या त्या वास्तववादाने साताऱ्याचं काय केलं ते ठाऊक आहे का?"

मला ठाऊक नव्हतं. म्हणून सुट्टीभर वाचत बसले. त्यातूनच हा लेख तयार झाला. याच सुमारास आमच्या प्रोजेक्ट ग्रुपमध्येही एक प्रकार घडला होता. त्याबद्दल शेवटी सांगते, कारण त्याशिवाय हा लेख लिहिण्याचा मला हक्क नाही.

दोन शब्द, साध्या भाषेत

परराष्ट्र धोरणातला आदर्शवाद म्हणजे दुसऱ्या देशाशी वागताना शब्द, न्याय, करार यांना मान देणं, मग त्यात थोडा तोटा झाला तरी चालेल. वास्तववाद म्हणजे आपलं बळ किती, समोरच्याचं किती, आपला फायदा कशात, हे पाहून पाऊल टाकणं. पहिला म्हणतो, 'शब्द दिलाय ना?' दुसरा म्हणतो, 'दिलाय, पण आता परवडतो का?'

ऐकायला हे दोघे अगदी समोरासमोर उभे असल्यासारखे वाटतात. पण इतिहासात एवढी सरळ विभागणी सापडत नाही. कशी, ते पाहू.

राजाच गेला, मग करार कुणाशी?

अमेरिका स्वतंत्र होण्यासाठी लढत होती तेव्हा, १७७८ साली, फ्रान्सने तिच्याशी मैत्रीचा करार केला. फ्रान्सचं सैन्य आणि आरमार मदतीला आलं. बदल्यात पुढे गरज पडली तर वेस्ट इंडीजमधल्या फ्रेंच मुलखाच्या रक्षणाची हमी अमेरिकेने दिली. मग फ्रान्समध्ये क्रांती झाली. जानेवारी १७९३ मध्ये सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला आणि लगेच फ्रान्स-इंग्लंड युद्ध पेटलं. आता काय करायचं?

वॉशिंग्टनच्या मंत्रिमंडळात दोन तट पडले. अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन म्हणाले, करार लुई राजाशी होता, राजा गेला, तेव्हा करार बाजूला ठेवता येतो. परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसन म्हणाले, करार राष्ट्राराष्ट्रांत होतो. लोकांनी आपला राज्यकर्ता बदलला म्हणून दिलेला शब्द रद्द होत नाही. युद्धात पडू नये, यावर मात्र दोघांचं एकमत होतं. वॉशिंग्टनने एप्रिल १७९३ मध्ये तटस्थतेची घोषणा केली, पण करार मोडल्याचं जाहीर केलं नाही. नव्या फ्रेंच प्रजासत्ताकाचा वकीलही स्वीकारला. म्हणजे वागणं व्यवहाराचं ठेवलं आणि तत्त्वालाही जागा ठेवली.

पण याच जेफरसनने राष्ट्राध्यक्ष झाल्यावर, १८०३ मध्ये, दीड कोटी डॉलरला फ्रान्सकडून लुइझियानाचा प्रचंड मुलूख विकत घेतला. देशाचा आकार जवळजवळ दुप्पट झाला. असा मुलूख विकत घेण्याचा अधिकार घटनेत स्पष्ट लिहिलेला नव्हता, हे खुद्द जेफरसनला बोचत होतं. तरी त्याने सही केली. त्या जमिनीवर पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या मूळ रहिवाशांना कुणी विचारलं? कुणीच नाही. म्हणजे आदर्शवादीही संधी आली की हिशोब करतात.

'करार कुणाशी होता? एका माणसाशी, की त्याच्या मागून येणाऱ्या सगळ्यांशी?' हा प्रश्न लक्षात ठेवा. पन्नास-पंचावन्न वर्षांनी तो जसाच्या तसा साताऱ्यात येणार आहे.

साताऱ्याचा तह

१८१८ साली पेशवाई बुडाली. फेब्रुवारीत आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि पेशव्यांच्या छावणीत असलेले छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. एल्फिन्स्टनने त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं. २५ सप्टेंबर १८१९ रोजी रीतसर तह झाला. त्यात हा मुलूख महाराज, त्यांचे वारस आणि उत्तराधिकारी यांना कायमचा दिल्याचं लिहिलं होतं. पण एक अटही होती. इंग्रज रेसिडेंटला वगळून बाहेरच्या कुठल्याही सत्तेशी किंवा सरदाराशी पत्रव्यवहार करायचा नाही.

हा तह आदर्शवाद होता की वास्तववाद? दोन्ही! शिवछत्रपतींच्या वंशजाला गादी परत दिली, हे दिसायला उदात्त. पण त्यामुळे मराठे सरदार पेशव्यांपासून फुटले, असंतोष शमला आणि कंपनीचं काम स्वस्तात झालं. पहिली काही वर्षं कारभारावर देखरेख जेम्स ग्रँट डफ या अधिकाऱ्याची होती. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा तो हाच.

प्रतापसिंह महाराजांनी मिळालेलं राज्य मनापासून चालवलं. शाळा काढली, रस्ते केले, शहराला पाणी आणलं. महाबळेश्वरला गव्हर्नर माल्कमने ठाणं वसवलं, तेव्हा महाराजांनी ती जागा खंडाळा गावाच्या बदल्यात दिली. कारभार इतका चांगला होता की १८३५ साली लंडनच्या संचालकांनी कौतुकाचं पत्र आणि एक रत्नजडित तलवार धाडली. ती तलवार महाराजांच्या हाती कधी पडलीच नाही.

कारण तोवर मुंबई सरकारशी बिनसलं होतं. अक्कलकोट, फलटण, औंध, भोर अशा जहागिऱ्यांवर हक्क कुणाचा, हा वाद होता. महाराज तहावर बोट ठेवून आपला हक्क मागत होते. तहाप्रमाणे वागा, एवढंच त्यांचं म्हणणं. थोड्याच दिवसांत त्यांच्यावर आरोप झाले. इंग्रजांच्या पलटणीतले सुभेदार फितवले, गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधलं, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार केला. उघड चौकशीत आपली बाजू मांडू द्या, अशी महाराजांची मागणी होती. ती मान्य झाली नाही.

एका सहीची गोष्ट

ऑगस्ट १८३९. मुंबईचा गव्हर्नर सर जेम्स कारनॅक स्वतः साताऱ्याला आला. त्याचा प्रस्ताव सोपा होता. चूक झाली असं लिहून सही करा, आम्ही सगळं विसरतो, गादी तुमचीच राहील.

मित्रांनो, इथे क्षणभर थांबा. तुम्ही काय केलं असतं? वादविवादातली मी असते तर म्हणाले असते, 'महाराज, करून टाका सही. एक कागद तर आहे. राज्य वाचतंय ना!' आपण नाही का, न केलेल्या चुकीचंही माफीपत्र लिहून देतो, रेक्टर मॅडमचा राग जाऊन विषय मिटावा म्हणून?

महाराजांनी सही केली नाही. जे केलंच नाही ते केलं म्हणून कसं लिहून देऊ, हा त्यांचा बाणा. ५ सप्टेंबर १८३९ रोजी त्यांना पदच्युत केलं आणि पुढे काशीला पाठवलं. गादीवर त्यांचे धाकटे भाऊ शहाजी ऊर्फ आप्पासाहेब बसले. प्रतापसिंह १८४७ साली काशीतच वारले. सातारा त्यांना पुन्हा दिसला नाही.

लंडनमधला सातारकर

महाराजांचा वकील म्हणून रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. एक-दोन महिने नाही, सुमारे चौदा वर्षं! कंपनीच्या भागधारकांच्या सभेत, पार्लमेंटच्या सभासदांकडे, वर्तमानपत्रांकडे ते खेटे घालत राहिले. पैसे संपले, कर्ज झालं. आपल्यापैकी कुणी परदेशी शिकायला गेलं की आठवड्याला घरी व्हिडिओ कॉल असतो. या माणसाच्या घरची पत्रं समुद्रमार्गे महिन्यांनी पोचायची.

गंमत म्हणजे त्यांना साथ देणारे इंग्रजच होते. जोसेफ ह्यूम हे पार्लमेंटचे सभासद, आणि जॉर्ज थॉम्पसन हे गुलामगिरीविरुद्ध झुंजणारे वक्ते. हेच थॉम्पसन १८३४-३५ मध्ये अमेरिकेत जाऊन गुलामगिरीविरुद्ध भाषणं देत होते, आणि तिथल्या जमावाच्या रागामुळे त्यांना देश सोडावा लागला होता. माझ्या भाषणातली अमेरिका आणि आजोबांचा सातारा या माणसापाशी एकमेकांना भेटले! आदर्शवादी इंग्लंडमध्येही होते. पण सभेत बोलण्याची मुभा असणं आणि निर्णय हाती असणं यात फरक असतो.

१८४८ : एक करार, दोन अर्थ

५ एप्रिल १८४८ रोजी शहाजी महाराज वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी मुलगा दत्तक घेतला होता. प्रतापसिंहांनीही काशीत दत्तक घेतलेला होता. आता प्रश्न आला : दत्तक मुलगा तहातला 'वारस' होतो का?

मुंबईचा गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क म्हणाला, होतो. तहात वारस आणि उत्तराधिकारी असं लिहिलंय. हिंदूंच्या रीतीत दत्तक हा वारसच. दत्तकाला आमची परवानगी हवी, असं तहात कुठेही नाही. साताऱ्याचा रेसिडेंट बार्टल फ्रेअर यालाही राज्य राखणंच योग्य वाटत होतं. म्हणजे जो जागेवर होता, लोकांना ओळखत होता, तो तहाच्या बाजूने होता.

पण क्लार्कच्या जागी फॉकलंड आला, आणि तो व त्याच्या कौन्सिलचा सभासद विलोबी खालसा करण्याच्या बाजूचे निघाले. अंतिम शब्द होता गव्हर्नर जनरल डलहौसीचा. वय अवघं छत्तीस! त्याचं म्हणणं असं की खाजगी मालमत्ता दत्तकाला मिळेल, राज्य मात्र सार्वभौम सत्तेच्या संमतीशिवाय मिळणार नाही. पुढे त्याने फायदे मांडले. लष्करी दळणवळणाच्या वाटेतला मुलूख ताब्यात येईल, महसूल वाढेल, आणि तिथल्या प्रजेला आपल्या चांगल्या, एकसारख्या राज्यकारभाराचा लाभ होईल.

या तिसऱ्या कारणाकडे नीट बघा. पहिली दोन शुद्ध व्यवहाराची आहेत. तिसरं आहे परोपकाराचं! 'तुमच्याच भल्यासाठी.' स्पर्धेत आम्ही आदर्शवाद आणि वास्तववाद दोन वेगळ्या टेबलांवर बसवले होते. डलहौसीच्या कागदात ते एकाच ओळीत, हातात हात घालून उभे आहेत. साताऱ्याच्या प्रजेला हा लाभ हवाय का, हे विचारायची पद्धत त्या कागदात कुठेच नाही.

जानेवारी १८४९ मध्ये लंडनच्या संचालक मंडळाने शिक्कामोर्तब केलं. टकरसारख्या काही जुन्या संचालकांनी लेखी विरोध नोंदवला, पण बहुमत पलीकडे होतं. डलहौसीच्या काळात दत्तक नामंजूर करून खालसा झालेलं पहिलं राज्य सातारा. पुढे झाशी आणि नागपूर त्याच वाटेने गेले.

१८५३ च्या अखेरीस रंगो बापूजी रिकाम्या हाताने लंडनहून निघाले. १८५७ मध्ये त्यांचं नाव साताऱ्याच्या कटात पुढे आलं. ते स्वतः निसटले आणि पुन्हा कधी सापडले नाहीत. ८ सप्टेंबर १८५७ रोजी गेंडामाळावर सतरा जणांना मृत्युदंड दिला गेला. त्यात त्यांचा मुलगा सीताराम होता. अर्ज-विनंत्यांवर चौदा वर्षं विश्वास ठेवणारा माणूस शेवटी बंडाकडे वळतो, यात दोष कुणाचा? अजिंक्यताऱ्याच्या उतारावरच्या चार भिंतींपाशी हुतात्म्यांचं स्मारक आहे. लहानपणापासून तिथे आम्ही भेळ खायला जायचो. यंदा पहिल्यांदा तिथली नावं वाचली.

मग सांगली शहाणी ठरली का?

सांगलीकर मित्र म्हणतील, 'आमचे अप्पासाहेब बघा, कसं राज्य टिकवलं!' बरोबर आहे. चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन मिरजेतून वेगळे होऊन सांगलीला आले. गणेशदुर्ग बांधला, गणपतीचं देऊळ उभारलं. पेशवाईनंतर, १८१९ मध्येच, त्यांनीही कंपनीशी तह केला. कंपनीच्या चाकरीत फौज घेऊन उभं राहण्याऐवजी त्यांनी सालीना एक लाख पस्तीस हजारांचा मुलूख सोडून दिला. मला हे फार आवडलं. मानही राखला आणि गादीही. त्यासाठी लागलेली किंमत स्वतः मोजली.

पुढे त्यांनी इंग्रजांशी बिघडू दिलं नाही. १८४६ मध्ये कंपनीने त्यांना निष्ठेबद्दल तलवार भेट दिली. साताऱ्याची तलवार वाटेतच अडली, सांगलीची हातात पडली! त्याच स्वस्थतेच्या काळात, ५ नोव्हेंबर १८४३ रोजी, अप्पासाहेबांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' रंगवलं, आणि मराठी रंगभूमीचा आरंभ सांगलीत झाला. व्यवहारी राजाने हे जमवलं, त्याला कमी कसं लेखायचं?

पण सांगली धोरणामुळेच वाचली, असं म्हणायला मी धजावत नाही. पटवर्धनांचीच तासगावची शाखा होती. ती १८४८ मध्ये, साताऱ्याच्याच वर्षी, वारस नाही म्हणून खालसा झाली. (माझी रूममेट तासगावची. तिलाही हे माहीत नव्हतं!) अप्पासाहेबांना मात्र उतारवयात मुलगा झाला, आणि १८५१ मध्ये ते गेले तेव्हा धुंडिराजराव गादीवर बसले. मुलगा झाला नसता तर? भेट मिळालेल्या तलवारीने डलहौसीचं मन बदललं असतं, असं मला तरी वाटत नाही.

आणखी गंमत पुढे आहे. हेच धुंडिराजराव १९०१ साली अपत्याविना वारले. १८४८ चा नियम लावला असता तर सांगली त्याच दिवशी संपली असती. पण या वेळी इंग्रज सरकारनेच पटवर्धन घराण्यातला मुलगा शोधला आणि तो दुसरे चिंतामणराव म्हणून गादीवर आला. संस्थान १९४८ मधल्या विलीनीकरणापर्यंत टिकलं. मधल्या काळात काय बदललं? मधे १८५७ झालं होतं. त्यानंतर राणीच्या १ नोव्हेंबर १८५८ च्या जाहीरनाम्यात संस्थानिकांशी झालेले करार पाळण्याचं वचन आलं, आणि १८६२ पर्यंत दत्तक घेण्याच्या सनदाही दिल्या गेल्या.

म्हणजे क्लार्क १८४८ मध्ये जे सांगत होता, तेच त्याच्या सरकारला दहा वर्षांनी, हजारो माणसं मेल्यावर, मान्य करावं लागलं. त्या वेळी क्लार्क भाबडा ठरला होता. खरा वास्तववादी कोण होता?

फिलिपिन्स : तोच कागद, नवी सही

असंच पुन्हा घडलं ते १८९८ मध्ये, आणि या वेळी अमेरिकेच्या हातून. स्वतः वसाहत म्हणून जन्मलेला हा देश. १८२१ च्या ४ जुलैच्या भाषणात जॉन क्विन्सी ॲडम्सने बजावलं होतं की अमेरिका सर्वांच्या स्वातंत्र्याला शुभेच्छा देईल, पण दुसऱ्यांच्या भूमीवर लढाया शोधत जाणार नाही. १८२३ च्या मन्रो धोरणाने युरोपला सांगितलं, अमेरिका खंडात नव्या वसाहती नकोत.

१८९८ च्या युद्धात अमेरिकेने स्पेनला हरवलं. फिलिपिन्सच्या लोकांनी १२ जून १८९८ लाच स्वातंत्र्य जाहीर केलं होतं. पण पॅरिसच्या तहात स्पेनने ती बेटं दोन कोटी डॉलरला अमेरिकेच्या हवाली केली. फिलिपिनो वकील फेलिपे अगोन्सिलो वॉशिंग्टनला गेला, पॅरिसला गेला. तहाच्या टेबलावर त्याला खुर्ची मिळाली नाही. रंगो बापूजींचाच दुसरा जन्म म्हणा ना! आणि राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली काय म्हणत होते? तिथल्या लोकांना सुशिक्षित आणि सुधारलेलं करायचंय. पुन्हा तेच… तुमच्याच भल्यासाठी.

अमेरिकेतही विरोध झाला. साम्राज्यविरोधी संघ स्थापन झाला. उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी आणि लेखक मार्क ट्वेन त्यात होते. ६ फेब्रुवारी १८९९ ला सिनेटमध्ये तह ५७ विरुद्ध २७ मतांनी मंजूर झाला. दोन तृतीयांश लागत होते, म्हणजे ५६. फक्त एक मत जास्त! त्याच्या दोनच दिवस आधी मनिलाजवळ अमेरिकन आणि फिलिपिनो सैन्यात लढाई सुरू झाली होती. फिलिपिन्स स्वतंत्र झालं ते ४ जुलै १९४६ रोजी.

आपल्या विषयात सांगायचं तर…

डिझाइनच्या पेपरात आपण फॅक्टर ऑफ सेफ्टी घेतो. बीमवर येणारा भार काढतो, आणि तरीही त्याच्या दीडपट-दुप्पट ताकद ठेवतो. नुसता खर्च पाहणाऱ्याला ते जास्तीचं पोलाद वाया गेल्यासारखं वाटतं. पण एखाद्या दिवशी अंदाजाबाहेरचा भार येतो, तेव्हा तेच वाचवतं.

दिलेला शब्द पाळणं हे मला तसंच वाटतं. रोजच्या हिशोबात तो तोटाच दिसतो. डलहौसीने ते जास्तीचं पोलाद काढून टाकलं आणि ताळेबंदात महसूल वाढवून दाखवला. १८५७ ची कारणं अनेक आहेत, एकटा सातारा नाही. पण इंग्रजांच्या शब्दाला काही अर्थ नाही, हे सातारा, झाशी, नागपूर पाहून लोकांना कळून चुकलं होतं. म्हणून मी आता असं म्हणेन की वास्तववाद म्हणजे फक्त आजचा हिशोब नाही. उद्याचाही धरला तर शब्द पाळणं बहुतेक वेळा व्यवहाराचंच निघतं.

आणि दुसरी कसोटी त्याहून सोपी. कुणी बलवान माणूस 'तुझ्याच भल्यासाठी' म्हणाला की एकच विचारायचं, 'ज्याचं भलं करताय, त्याला विचारलंत का?'

आता ती राहिलेली गोष्ट

प्रोजेक्टसाठी आम्ही चौघींनी दुसऱ्या वर्षीच ठरवलं होतं, ग्रुप एकच ठेवायचा. चौथी म्हणजे माझी तासगावची रूममेट. तिच्या दोन केटी राहिल्या. मग आम्ही तिघी मेसमध्ये बसून बोललो. प्लेसमेटचं… म्हणजे प्लेसमेंटचं वर्ष जवळ येतंय, प्रोजेक्ट जड आहे, तिच्यावर ताण येईल, त्यापेक्षा तिने केटीवर लक्ष दिलेलं बरं. तिच्याच भल्यासाठी! आम्ही यादीतून तिचं नाव काढलं आणि दुसऱ्या मुलीचं घातलं. तिला नोटीस बोर्डावर कळलं. त्याच आठवड्यात मी स्टेजवरून वास्तववादावर टाळ्या घेतल्या.

दिवाळीनंतर हॉस्टेलवर परतल्यावर मी तिला सॉरी म्हटलं. ती कपडे वाळत घालत होती. मागे न वळता म्हणाली, "अगं, तुम्ही विचारलं असतंत तर मी स्वतःच नाही म्हणणार होते. मलाही केटी काढायच्याच होत्या. पण विचारलं नाहीत ना."

यादी बदलण्याची मुदत उलटून गेली होती. ती दुसऱ्या ग्रुपमध्ये आहे, आणि बरं चाललंय तिचं. आमची खोली अजून एकच आहे. मेसला आम्ही बरोबर जातो. पण पूर्वी ती सबमिशनच्या आदल्या रात्री हक्काने माझी फाईल मागायची. आता "रिकामी असली तर देशील का?" असं विचारते.

आजोबांना हे फोनवर सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "इतिहास वाचलास ते बरं केलंस."

वाचकहो, पुढच्या महिन्यात तुमचेही ग्रुप ठरतील, मेस कमिटी निवडली जाईल, खोल्यांची अदलाबदल होईल. तेव्हा एखाद्याच्या भल्याचा निर्णय घेण्याआधी त्याला एकदा हाक मारून विचारा. तो बहुतेक शेजारच्याच खोलीत असेल.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी